कॅरॅमल कुकीत राहण्याऐवजी ट्रेवर सापडतंय? या चुका टाळा

रविवारी संध्याकाळी मला हमखास एक फोटो येतो. ट्रेवर चपट्या काळ्या चकत्या, भोवती करपलेल्या साखरेचं थारोळं आणि खाली प्रश्न, "ताई, रेसिपी चुकली का हो?" रेसिपीचं काही चुकलेलं नसतं. मी ठाण्याला नौपाड्यात घरीच बेकिंग शिकवते. पोटात कॅरॅमल असलेली चॉकलेट कुकी शिकायला सगळ्यांना हवी असते, आणि बिघडतेही तीच सगळ्यात जास्त.

आधी बटर. परदेशी रेसिपीत 'रूम टेंपरेचरचं बटर' असं लिहिलेलं असतं. कुणाची रूम? त्यांनी १८-२० अंश धरलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ओट्यावर ठेवलेल्या बटरचं थोड्याच वेळात पातळ तूप व्हायला लागतं. तसं बटर साखरेबरोबर कितीही फेटा, त्यात हवा धरत नाही आणि ओव्हनमध्ये गेल्या गेल्या कुकी पसरते. मी फ्रिजमधून काढून तुकडे करते आणि बोटाने दाबून बघते. खळगा पडायला हवा, पण बोट आरपार जाता कामा नये. अमूलचं पिवळं बटर खारट असतंच, तेव्हा वरून मीठ नको.

आता माझं स्वतःचं पाप सांगते. भाचीच्या वाढदिवसाला ४० कुकीज कबूल केल्या होत्या. सातला डोंबिवलीला निघायचं आणि मी पीठ भिजवलं चारला. थंड करायला वेळ कुठला? पिठाचे गोळे केले, एकेक टॉफी वरून अंगठ्याने दाबली, चिमटीने तोंड मिटलं आणि पहिला ट्रे ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनमध्ये, सरकवला. सहाव्या-सातव्या मिनिटाला खालच्या रॉडवर पहिला थेंब पडला. मग धूर. समोरच्या काकूंनी बेल वाजवली, "काय गं, दूध करपलं का?" दार उघडायला गेले तेवढ्यात बाराच्या बारा कुकीज एकमेकींत मिसळून एक मोठा पापड झाला होता. शेवटी गोखले रोडवरून पेढे घेतले आणि सात-बेचाळीसची लोकल पकडली. घाईघाईत उलथन्याने खरवडल्याचे चरे त्या ट्रेवर अजून आहेत. खरवडायचं नसतंच. ती साखर आहे, उकळतं पाणी ओतून तासभर ठेवलं की आपोआप सुटते.

झालं काय होतं? ओव्हनमध्ये कॅरॅमल पातळ होतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि जिथे पीठ सगळ्यात पातळ तिथून ते बाहेर येतं. अंगठ्याने दाबलं की तळ पातळ होणारच. पुरणपोळी करणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. उंडा एका बाजूने पातळ राहिला की पुरण तव्यावर येतं, हे तिने भोगलेलं असतं. म्हणून मी एका कुकीला ३५ ग्रॅम पीठ घेते. २० ग्रॅमची वाटी खाली, तिच्यात ८ ग्रॅमची कॅरॅमलची गोळी, वर १५ ग्रॅमचं झाकण. गोळी फ्रीझरमधून काढून थेट आत, आणि भरलेला गोळा पुन्हा फ्रिजमध्ये किमान तासभर. मी तर रात्रभर ठेवते. सांधा नेहमी वर. फुटलाच तर कॅरॅमल कुकीच्या डोक्यावर दिसतं, लोकांना ते मुद्दाम केलेलं वाटतं.

"तासाऐवजी दहा मिनिटं फ्रीझरमध्ये चालेल का?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. गोळा बाहेरून कडक होतो, आतलं पीठ मऊच राहतं. नाही चालत.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी तक्रार म्हणजे "गरम होतं तेव्हा मस्त ओघळलं, गार झाल्यावर दाताला चिकटलं." साधी एक्लेअर्स किंवा टॉफी जशीच्या तशी घातली की असंच होणार. कॅरॅमल किती मऊ राहणार हे त्यात पाणी किती उरलंय यावर ठरतं. टॉफीचा पाक बराच आटवलेला असतो, तो वितळून परत तितकाच घट्ट होतो. मी १०० ग्रॅम टॉफी मंद आचेवर दोन मोठे चमचे फ्रेश क्रीम घालून वितळवते, गार झाल्यावर फ्रीझरमध्ये टाकते आणि मग गोळ्या वळते. जुलैत हे काम पंख्याखाली करू नका. कॅरॅमल हवेतला दमटपणा ओढतं आणि गोळ्या हाताला चिकटतात.

बाकीचं थोडक्यात. मैदा वाटीने मोजू नका, जांभळी नाक्यावर वजनकाटा काही फार महाग मिळत नाही. किराणा दुकानातला पातळ बटर पेपर कुकीला चिकटतो, बेकिंगचाच घ्या. अंड्याऐवजी दही घातलं तर कुकी केकसारखी फुगते, मग मला फोटो पाठवू नका. मायक्रोवेव्हच्या साध्या मोडवर कुकी भाजली जात नाही, कन्व्हेक्शन, म्हणजे गरम हवेचा मोड हवा.

रंगावरून अंदाज घेऊ नका, कोकोमुळे पीठ आधीच काळं असतं. १७५ अंशांवर ११ मिनिटं, कडा धरल्या आणि मध्यभाग कच्चा दिसला की ट्रे बाहेर. त्या ट्रेवरच पुढच्या दहा मिनिटांत नीट होतात. पोरांना तेवढा वेळ लांब ठेवा. कुकी कोमट लागते, पण आतलं कॅरॅमल जीभ भाजण्याइतकं गरम असतं.