परदेशातल्या नातलगांना घरची बातमी कळवताना
आजारपणाची किंवा निधनाची बातमी फॅमिली ग्रुपवर टाकण्याआधी परदेशातल्या जवळच्या माणसाला थेट फोन करा. दूर देशी, एकट्याने मोबाइलवर असं काही वाचणं फार जड जातं. फोन लागला नाही, तर नुसतं ‘लगेच फोन कर’ लिहून जीव टांगणीला लावू नका. कोणाला काय झालंय, आता तब्येत कशी आहे, डॉक्टर काय म्हणाले, हे दोन ओळींत लिहा. तातडीने निघायचं की थांबायचं, हे त्यांना त्यावरूनच ठरवता येतं. ‘उगाच काळजी नको’ म्हणून लपवणं मला तरी पटत नाही.

लग्नाची किंवा व्हिडिओ कॉलची वेळ त्यांच्या घड्याळाप्रमाणेही कळवा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं तासाने पुढे-मागे होतात, तेव्हा फरक पुन्हा तपासा.