पैठणीचं पान गुगलवर वर कसं आलं

पैठणला काकांचे दोन हातमाग आहेत. वेबसाइट मीच बनवलेली, पण गुगलवर तिसऱ्या पानाच्याही मागं. महिनाभर बॅकलिंकच्या, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंकच्या, नादात घालवला. मग एकदा सगळी पानं शेजारी शेजारी उघडली, तर १२ टॅबवर एकच नाव: ‘होम’! कर्तबगारी माझीच.

प्रत्येक पानाला वेगळं शीर्षक दिलं. ‘आमची कला’चं ‘हातमागाची पैठणी कशी ओळखावी’ केलं. लोक शोधतात तेच. काका गिऱ्हाइकाला पदर उलटा करून दाखवतात, तो फोटो टाकला: मागूनही मोर तसाच, लोंबते धागे नाहीत. ऑल्ट टेक्स्टमध्येही, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणाऱ्या पडद्यामागच्या मजकुरातही, हेच लिहिलं. पान पटकन उघडावं म्हणून ४ एमबीचे फोटो १५० केबीवर आणले.

दोनेक महिन्यांत ते पान गुगलच्या पहिल्या पानावर आलं. बाकीची अजून रेंगाळतायत.