माळ्यावरचा अँप्लिफायर थेट प्लगला लावू नका

श्रावण लागला की आमच्या खानापूर भागात माळे रिकामे व्हायला लागतात. गणपती तोंडावर असतात आणि भजनी मंडळाला एकदम आठवतं, आपला एक अँप्लिफायर होता की! यंदा माझ्याकडे आलेला गोणपाटात बांधलेला होता, आठ-नऊ वर्षं बंद. झाकण काढलं तर आत कुंभारणीचं मातीचं घर आणि उंदरांनी कुरतडलेली वायर. मी मातीच खरवडत होतो, तोवर बुवांनी पिन बोर्डाला नेली.

"एकदा लावून तर बघूया की."

"तेच करायचं नाही, बुवा."

हे मी अनुभवाने सांगतो. कॉलेजात असताना घरचा जुना अँप्लिफायर असाच थेट लावला होता. पाच मिनिटं झकास गाणं लागलं, मग फट्ट! कागदाचे ओले कपटे छताला चिकटले आणि वास दोन दिवस घरातून गेला नाही.

फुटला होता तो फिल्टरचा, म्हणजे आतला डीसी सप्लाय सपाट करणारा कंडेन्सर; इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हणतात तो. त्याच्या आत ॲल्युमिनियमची पातळ पट्टी गुंडाळलेली असते आणि तिच्यावर ऑक्साइडचा थर असतो. एका व्होल्टला साधारण दीड नॅनोमीटर, म्हणजे ६३ व्होल्टच्या कंडेन्सरातही हा थर केसापेक्षा कित्येक शंभर पट पातळ. करंट अडवायचं सगळं काम त्याचं. कंडेन्सर वर्षानुवर्षं बिनव्होल्टेजचा पडून राहिला की आतलं रसायन हा थर हळूहळू खातं. अशा वेळी एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर गळती वाढते, कंडेन्सर तापतो, आत वायू होतो आणि टोपी उडते. तेच व्होल्टेज थोडं थोडं, करंटला लगाम घालून दिलं, तर त्याच रसायनातून थर पुन्हा बसतो. याला रिफॉर्मिंग म्हणतात. मात्र थर परत येतो, वाळून गेलेलं रसायन येत नाही.

आधी निवड

पिन काढा, झाकण उघडा आणि कंडेन्सर रिकामे करा, म्हणजे आत साठलेली वीज उतरवा. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडायची मिस्त्री लोकांची सवय उचलू नका. एक के (म्हणजे हजार ओहम), पाच वॅटचा रेझिस्टन्स दोन्ही टोकांना अर्धा मिनिट धरा, इन्सुलेशनवाल्या चिमट्यांनी. ४७०० मायक्रोफॅरडला (हे कंडेन्सरच्या कपॅसिटीचं माप) एवढा वेळ पुरतो. मग मीटर लावून शून्य बघा, अंदाजावर राहू नका.

आता डोळ्यांनी बघा. डोकं फुगलंय, बुडाशी ओल किंवा चिकट काळपट डाग आहे, मासळीसारखा वास येतोय, तर तो कंडेन्सर गेला. त्याला रिफॉर्म करत बसू नका. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात भिंतीला बुरशी येते, तिथे पाय गंजलेलेही सापडतात. तेही काढा.

बोर्डावरचे १०, ४७, १०० मायक्रोफॅरडचे बारके कंडेन्सर मी सरसकट नवे घालतो. चहाच्या पैशात येतात, त्यांच्यावर संध्याकाळ घालवण्यात अर्थ नाही. रिफॉर्मिंग करायचं ते मोठ्या फिल्टरचं. बेळगावात पार्ट घ्यायला गेलो तर ओळखीचा दुकानदार त्यावरही हसतो. "हळेदु ब्याड्री, होसदु तगोरी!" जुनं नको हो, नवं घ्या. पुष्कळदा त्याचंच बरोबर असतं. पण पट्ट्याने आवळलेला जुना जाडजूड कंडेन्सर त्याच मापात नवा मिळत नाही, आणि मिळाला तरी खोक्यात बसत नाही. मग रिफॉर्मिंग करत थांबावं लागतं.

थेंब थेंब व्होल्टेज

कंडेन्सरचा निदान एक पाय सर्किटमधून मोकळा करा. ध्रुव तपासा: उभ्या कंडेन्सरवर उणे चिन्हांची पट्टी असते ती बाजू निगेटिव्ह. उलटा जोडलात तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

व्होल्टेज कमी-जास्त करता येईल असा डीसी सप्लाय घ्या. ० ते ३० व्होल्टचे दोन सिरीजमध्ये लावले तर ६० पर्यंत जाता येतं. मघाचाच एक केचा रेझिस्टन्स प्लसच्या वायरीत घाला आणि मीटर त्या रेझिस्टन्सवर लावा. एक के असल्यामुळे हिशोब सोपा पडतो: मीटरवर जितके व्होल्ट, तितके मिलिअँपिअर.

सुरुवात १० व्होल्टने. आकडा आधी चढतो, कारण कंडेन्सर भरत असतो. खरी गोष्ट त्यानंतरची. बुवांच्या कंडेन्सरला दोन मिनिटांनी मीटर ६ दाखवत होता, म्हणजे सहा मिलिअँपिअर नुसते गळत होते. चहा करून आलो तर ३. कुंभारणीची माती ब्रशने झाडून होईतो ०.८. आकडा एकच्या खाली आला की आणखी १० व्होल्ट चढवायचे. प्रत्येक पायरीला तो पुन्हा उसळतो आणि पुन्हा बसतो. तो खाली येत नाही तोवर पुढे सरकायचं नाही, मग संध्याकाळ गेली तरी चालेल.

कुठवर चढवायचं? अँप्लिफायरमध्ये त्याला जेवढं व्होल्टेज मिळतं त्याच्या थोडं वर, पण वर छापलेल्या आकड्याच्या पुढे कधीच नाही. शेवटच्या पायरीवर दोन-तीन तास राहू द्या. ४७०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टला शेवटी दोन मिलिअँपिअरच्या आत गळती आली तर उत्तम. आकडा उतरण्याऐवजी चढू लागला, तर सप्लाय बंद करा आणि रेझिस्टन्सने रिकामा करून हात लावा. कोमट लागला तर भंगारात.

शेवटी कपॅसिटी मोजा. छापलेल्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त घटली असेल, तर रसायन वाळलंय. थर कितीही छान बसला तरी असा कंडेन्सर स्पीकरमधून घूं घूं ऐकवणार. आपल्या ५० हर्ट्झच्या लाइनीवर ती घूं घूं १०० हर्ट्झची असते.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या असलेल्या जुन्या अँप्लिफायरला हा हिशोब लावू नका. तिथे ३००-४०० व्होल्ट असतात, रेझिस्टन्स ४७ केच्या आसपास लागतो आणि चूक जिवावर बेतते. ज्याने हे आधी केलंय त्याला शेजारी बसवा.

पहिल्यांदा चालू करताना

सगळं जोडून झालं की सिरीज बोर्ड मध्ये घ्या, म्हणजे अँप्लिफायरच्या वाटेत बल्ब बसवलेला बोर्ड. फेजच्या वायरीत ६० वॅटचा बल्ब, आणि तो तारेचाच हवा, एलईडी इथे कामाचा नाही. हल्ली सगळीकडे मिळत नाही, पण पिल्लांना ऊब द्यायला पोल्ट्रीवाले वापरतात, त्यांच्याकडे विचारा. अर्थिंगची पिन तोडलेली असेल तर आधी ती नीट करा, खोकं लोखंडी आहे.

स्पीकर न जोडता चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लख्ख पेटलेला राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. मंदावल्यावर स्पीकरच्या टोकांवर डीसी मोजा. आउटपुटला ट्रान्सफॉर्मर नसेल तर ५० मिलिव्होल्टच्या आसपास चालेल. काही व्होल्ट दिसले तर स्पीकर लावू नका, ट्रान्झिस्टर बघा. सगळं नीट असेल तर एखादा फुटका, जुना स्पीकर लावून तासभर चालू द्या. देवळाचा कर्णा त्यानंतर.

बुवांच्या दोनपैकी एक कंडेन्सर छान बसला. दुसऱ्याची कपॅसिटी निम्म्यावर आली होती. जोडी सारखी हवी म्हणून मी दोन्ही नवे घातले आणि बरा निघालेला डब्यात ठेवला. खोकं उचलताना त्यांना सांगितलं, महिन्यातून एकदा तरी तासभर चालू ठेवा, मग हे सगळं पुन्हा करावं लागणार नाही.

"महिन्यात एकादश्या दोन असतात की," बुवा म्हणाले. "दोन्हीला लावतो."