केनियातली शाळा सावरताना या चुका टाळा

केनियातल्या शाळेला मदत करायची म्हटलं की आधी पुस्तकंच सुचतात. नैरोबी-मोम्बासात स्थिरावलेली आपली माणसं असोत की इथून देणगी पाठवणारी, खोकी पोचली की फोटो निघतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण नुसती पुस्तकं वाटून शाळा सुधारते का, हे त्याच देशात तपासून झालंय. १९९६ मध्ये पश्चिमेकडच्या बुसिया भागात काही शाळांना सरकारी पाठ्यपुस्तकं दिली, काहींना दिली नाहीत, आणि पुढे दोन्हीकडचे गुण ताडून पाहिले. सरासरी जवळपास जागची हलली नाही. फायदा झाला तो आधीच वर्गात पुढे असलेल्यांना. पुस्तकं इंग्रजीत होती, आणि तिथलं मूल घरी लुह्या किंवा तेसो बोलतं, मग स्वाहिली शिकतं. इंग्रजीचा नंबर तिसरा.

तेव्हा काहीही पाठवण्याआधी मुलं कुठवर आली आहेत ते बघा. चौथीच्या वर्गातली दहा मुलं एकेक करून बाहेर व्हरांड्यात बोलवा आणि दुसरीच्या पातळीचा, त्यांनी कधी न पाहिलेला उतारा पुढे ठेवा. न पाहिलेलाच हवा. नेहमीचा धडा मूल बोट फिरवत घडाघडा म्हणून दाखवतं आणि आपण खूश होतो. संशय आला तर मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून विचारा, की खरं काय ते कळतं. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मूल यातल्या कोणत्या पायरीवर अडलं एवढंच लिहून घ्या. मास्तरांना मात्र शेजारी उभं करू नका. ही तपासणी मूळची आपल्याकडचीच. मुंबईच्या वस्त्यांमधून वाढलेल्या 'प्रथम'च्या 'असर' पाहणीवरून केनियात २००९ साली 'उवेझो' सुरू झाली. उवेझो म्हणजे स्वाहिलीत क्षमता.

पुस्तकं वायाच जातात असं नाही. २०१५ पासूनच्या 'तुसोमे' उपक्रमात, म्हणजे 'चला वाचूया', दर मुलाला त्याच्या पातळीचं पुस्तक मिळालं. शिक्षकाच्या हाती रोजच्या तासाची मार्गदर्शिका आली, आणि अधिकारी वर्गात येऊन बसू लागले. मुलांचं वाचन सुधारलं. मला विचाराल तर त्यातलं तिसरं कलम, म्हणजे अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन बसणं, सगळ्यात महत्त्वाचं, आणि देणगीदारांना सगळ्यात कंटाळवाणं वाटणारंही तेच. याच्या उलट, २०१३ च्या निवडणुकीत पहिलीतल्या मुलांना लॅपटॉप द्यायचं आश्वासन होतं. २०१६ पासून प्रत्यक्षात आले टॅब्लेट, आणि बऱ्याच शाळांत ते चोरीच्या धास्तीने कुलपात गेले. त्यावर आणखी काय लिहायचं!

अनुदान कमी आलं तर

लगेच भ्रष्टाचार म्हणून ओरडू नका, आधी पटसंख्या बघा. माध्यमिकला दर विद्यार्थी वर्षाला २२,२४४ शिलिंग आणि प्राथमिकला १,४२० हे दर कागदावरचे. पैसे येतात ते सरकारी पोर्टलवर नोंदलेल्या मुलांचे, बाकावर बसलेल्यांचे नव्हे. नोंदीला जन्मदाखला लागतो. तो नसला की मूल वर्गात असतं, पण हिशेबात नसतं. (नोंद झाली की विद्यार्थ्याला जो क्रमांक मिळतो, त्याला तिथे यूपीआय म्हणतात. आपल्या यूपीआयशी त्याचा संबंध नाही, पण सरल पोर्टलशी झुंजलेल्या मुख्याध्यापकांना बाकी काही समजावून सांगायला नको.) म्हणून देणगीतले थोडे पैसे आणि दोन माणसांचा वेळ जन्मदाखले काढून देण्यात घाला. खर्च एकदाच होतो, अनुदान दरवर्षी येत राहतं.

दुसरी गफलत अंदाजपत्रकात होते. अनुदान तीन सत्रांत ५०, ३० आणि २० टक्के असं विभागलेलं, आणि तेही उशिरा येतं. तिसऱ्या सत्रात तिजोरी रिकामी असणार हे जानेवारीतच धरून चाला. धान्याचा आणि सरपणाचा व्यवहार त्या हिशेबाने ठरवा.

शिक्षक कमी असले की शाळेची व्यवस्थापन समिती स्वतः नेमणुका करते. हे बीओएम, म्हणजे बोर्ड ऑफ मॅनेजमेंटचे, टीचर. त्यांचा पगार बहुधा पालकांच्या वर्गणीतून निघतो. पश्चिम केनियातल्या एका प्रयोगात अशा कंत्राटी शिक्षकांच्या वर्गातली मुलं पुढे गेल्याचं दिसलं होतं. तीच योजना सरकारी यंत्रणेतून राबवली तेव्हा गुण वाढले नाहीत. पगार रखडले, शिक्षक संघटनांचा वाद पेटला. माणूस नेमण्याआधी वर्षभराचा पगार बाजूला काढलाय का, आणि तो वर्गात नाही आला तर जाब कोण विचारणार, एवढं ठरवा.

विद्यापीठांचं दुखणं थोडक्यात. १९९८ पासून नैरोबी विद्यापीठाने स्वखर्चाने शिकणाऱ्यांसाठी समांतर अभ्यासक्रम काढले, इतरांनीही तोच कित्ता गिरवला, गावोगावी भाड्याच्या इमारतींत कॅम्पस उघडले. २०१६ मध्ये बारा वर्षांच्या शालेय शिक्षणाशेवटच्या परीक्षेत कॉपीला लगाम बसला आणि विद्यापीठ प्रवेशाला पात्र मुलं दीड लाखाहून अधिक होती ती ८९ हजारांच्या आसपास आली. ती सगळी सरकारी कोट्यातच मावली, समांतरचं गिऱ्हाईक आटलं. कर्जं आणि करारातले पगार मात्र मागे राहिले.

वसतिगृहाचे गज

यात तडजोड नको. मार्च २००१ मध्ये माचाकोसजवळच्या कियांगुली शाळेत वसतिगृहाला आग लागली, ६७ मुलं गेली. एका दाराला कुलूप होतं, खिडक्यांना गज होते. २००८ च्या सरकारी नियमावलीत सगळं लिहिलंय: खिडक्यांना गज नकोत, दारं बाहेर उघडावीत, दोन्ही टोकांना दार आणि मध्ये आपत्कालीन वाट, दोन खाटांत १.२ मीटर अंतर. तरी सप्टेंबर २०२४ मध्ये न्येरीतल्या एका शाळेच्या वसतिगृहात पुन्हा २१ मुलं जळून मेली.

गज काढा म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: गाद्या चोरीला जातात, पोरं रात्री पळतात. त्यासाठी पहारेकरी नेमा. खाटा वाढवायच्या असतील तर आधी टेप धरून अंतर मोजा. आणि दिवसा नको, रात्री साडेनऊला वसतिगृहावर जा. दोन्ही दारं आतून ढकलून बघा. कुलूप दिसलं तर किल्ली मागा, आणि ती हातात पडायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघा.