जुनी गाडी घेताना रनिंग, वय आणि सर्व्हिसची बिलं कशी जोखायची

हडपसरला एक हॅचबॅक बघायला गेलो होतो. मीटरवर ३८,००० किलोमीटर, गाडी धुऊनपुसून लख्ख, आणि एजंटचं पालुपद एकच: "साहेब, ओरिजिनल रनिंग, डॉक्टरांची गाडी." ड्रायव्हरचं दार उघडलं तर खांबावर ऑइल बदलल्याचा स्टिकर. पुढची सर्व्हिस: ७४,०००. बोट ठेवून दाखवलं तर म्हणाला, "तो आधीच्या गाडीचा असेल." आधीच्या गाडीचा स्टिकर या गाडीच्या खांबावर कसा आला, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

तेव्हापासून मी मीटर अगदी शेवटी बघतो. आधी कागद, मग गाडीचं वय, मग बिलं आणि त्यानंतर मीटर. हा क्रम पाळला की मीटरवरच्या आकड्याचा खरेखोटेपणा आपोआप पुढे येतो.

आधी नंबर मागून घ्या

गाडी बघायला जाण्याआधी तिचा नंबर मागा आणि सरकारच्या एमपरिवाहन ॲपवर टाका. नोंदणीची तारीख, कितवा मालक, कर्जाचा बोजा, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, एवढं घरबसल्या कळतं. "सिंगल ओनर" म्हणून सांगितलेली गाडी इथे तिसऱ्या मालकाची निघते, हे मी दोनदा पाहिलंय. ई-चलान थकलेलं आहे का तेही बघून ठेवा. नंबरच द्यायला कुरकुर करत असेल तर पेट्रोल जाळून तिथपर्यंत जाऊ नका.

वय दोन ठिकाणी मोजा

आपण "पासिंग कधीचं" विचारतो. पासिंग (आरटीओतली नोंदणी) आणि मेक (गाडी बनली ते वर्ष) एक नसतं. डिसेंबर २०१८ मध्ये कारखान्यातून निघालेली गाडी शोरूमच्या आवारात उभी राहून मार्च २०१९ मध्ये पासिंग झाली, तर विकणारा ती "२०१९ ची" म्हणून विकणार. आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, बनावटीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, भाव त्यावर बोला. आयुष्य मात्र पासिंगच्या तारखेपासून मोजतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे फिटनेस तपासणी करून ५-५ वर्षांनी नूतनीकरण. त्यातल्या पहिल्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि महाराष्ट्रात वर ग्रीन टॅक्स भरावा लागतो. म्हणजे १२ वर्षांची गाडी घेतलीत तर आरसीची तीनच वर्षं तुमच्या हातात येतात. विकताना तुमचा गिऱ्हाईक हाच हिशेब तुम्हाला ऐकवेल.

दिल्लीच्या गाड्यांचं एक वेगळं प्रकरण आहे. तिकडे १० वर्षांवरची डिझेल आणि १५ वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावर आणण्यावर निर्बंध आले, तेव्हापासून गाड्या स्वस्तात बाहेर पडू लागल्या आणि आपल्याकडच्या बाजारातही येतात. तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत), इथला रोड टॅक्स, नवा नंबर आणि आरटीओच्या फेऱ्या मिळवल्या की त्यातली बरीचशी स्वस्ताई उडून जाते.

दुसरं वय रबराचं. गाडी चालो न चालो, बुश, होज पाइप, इंजिन माउंटिंग, बेल्ट आणि टायर म्हातारे होतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी असलेली गाडी ऐकायला छान वाटते. प्रत्यक्षात बॅटरी मेलेली, ब्रेकच्या डिस्कवर गंज आणि वायरिंगला उंदरांचे दात, अशी तिची दशा असते. गाडी कोकणात राहिली असेल तर दारांच्या खालच्या कडा आणि स्टेपनीचा खड्डा टॉर्च घेऊन बघा.

बिलं तारखेने लावा आणि तक्ता काढा

खरं काम इथे आहे. सर्व्हिस बुकमधल्या शिक्क्यांवर मी फारसा भरवसा ठेवत नाही, शिक्का कोणीही मारतो. बिल मागा. बिलावर तारीख, किलोमीटर, जॉब कार्डचा नंबर आणि बदललेले पार्ट असतात. कोरा कागद घ्या आणि तीन रकाने पाडा: तारीख, किलोमीटर, काम. बहुतेक गाड्यांची सर्व्हिस १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा असते. त्या ठेक्यावर नोंदी पडल्यात का ते बघा.

समजा २०१७ च्या गाडीचा तक्ता असा निघाला: जून २०१८ ला ९,६००, मे २०१९ ला २०,१००, फेब्रुवारी २०२० ला २९,४००, जानेवारी २०२१ ला ३३,०००. इथपर्यंत मला पटतं. लॉकडाऊनच्या वर्षात रनिंग घसरलेलंच पाहिजे. उलट त्या वर्षातही कोणाची गाडी रुबाबात १२,००० धावलेली दिसली तर मालक काय करत होता ते विचारा. डॉक्टर, किराणा व्यापारी, खरं कारण असू शकतं. पण पुढची नोंद थेट डिसेंबर २०२३ ची आणि किलोमीटर ४१,०००? जवळजवळ तीन वर्षांत ८,०००? पहिली तीन वर्षं धावणारी गाडी अचानक देवघरात बसत नाही. एक तर काम बाहेर झालं आणि बिलं नाहीत, नाही तर मधल्या काळात मीटर मागे गेलं. दोन्हीतलं काहीही असो, ही फट विकणाऱ्याने भरून दाखवायची. आपण तिला कारणं शोधून द्यायची नाहीत.

कंपनीच्या वर्कशॉपमधून इतिहास काढता येतो, पण बहुतेक ठिकाणी तो फक्त मालकाला देतात. म्हणून मालकालाच त्याच्या रजिस्टर मोबाइलवरून फोन करायला लावा किंवा कंपनीचं ॲप उघडून दाखवायला सांगा. "बघतो, पाठवतो" म्हणून चार दिवस काही आलं नाही तर उत्तर मिळालं असं समजा. वॉरंटीनंतर गल्लीतल्या मेकॅनिककडे काम केलं असेल तर मी नाक मुरडत नाही. ऑइल-फिल्टरच्या पावत्या आणि त्यावर हाताने लिहिलेले किलोमीटर असले की पुरे. असा नेमस्त मालक गाडी नीट ठेवतो, हा माझा अनुभव.

बिलात नुसतं ऑइल बघू नका. ब्रेक ऑइल आणि कूलंट कधी बदललं? टायमिंग बेल्ट की चेन, हे मेकॅनिकला विचारा. स्विफ्टच्या १.३ डिझेलला चेन आहे, डस्टरच्या १.५ डिझेलला बेल्ट. बेल्ट ठरल्या मुदतीत बदलल्याचं बिल नसेल तर तो खर्च आजच किमतीतून वजा करा, कारण बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन खोलावं लागतं. बॉडीशॉपचं बिल दिसलं तर थांबून वाचा. बंपर, दार, आरसा चालतं. एअरबॅग, पिलर (छत पेलणारा खांब) किंवा एप्रन (बोनेटखालचा बाजूचा पत्रा) लिहिलेलं दिसलं की मी उठतो.

विम्याच्या जुन्या पॉलिसीही मागा. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्यावर आलेला दिसला तर आधीच्या वर्षी क्लेम झाल्याची शक्यता मोठी. मात्र ५० टक्के दिसला म्हणून गाडी निष्कलंक ठरत नाही. बोनस मालकाचा असतो, तो त्याच्या जुन्या गाडीवरून आलेला असू शकतो.

आता मीटर, आणि मीटरला साक्षीदार

खासगी गाडी वर्षाला साधारण १०,००० ते १२,००० किलोमीटर चालते असं धरा. त्याहून कमी म्हणजे उत्तमच, हे मात्र खोटं. हायवेवर पाचव्या गिअरमध्ये झालेले ८०,००० इंजिनला सोसतात. पुण्याच्या पेठांमध्ये क्लच अर्धा दाबून झालेले ३०,००० गाडीला थकवतात. बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांतल्या) डिझेलमध्ये तर कमी रनिंग हीच चिंता आहे. १ एप्रिल २०२० नंतरच्या या गाड्यांना धुराची काजळी धरणारा फिल्टर असतो, त्यातली काजळी जळून तो साफ व्हायला लांबची पळ लागते. रोज तीन किलोमीटर शाळा-भाजीमंडई केलेल्या डिझेलचा फिल्टर तुंबलेला निघू शकतो, आणि त्याचा खर्च मोठा.

साक्षीदार गाडीतच बसलेले असतात. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची वरची कड, गिअरची मूठ, ड्रायव्हर सीटची दाराकडची बाजू. हे सगळं गुळगुळीत आणि मीटर २५,०००, असं जुळत नाही. पेडलची रबरं तेवढी नवीकोरी असली तरी विचारा. टायरवर चार आकडे कोरलेले असतात: ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. टायर साधारण ४०,००० ते ५०,००० चालतात. २०१८ ची गाडी, मीटर २४,००० आणि चारही टायर २०२१ चे, मग पहिले चार गेले कुठे? सगळ्या काचांवर छापलेलं वर्ष सारखं आहे का तेही बघा.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पूर आत शिरलेल्या गाडीत आतल्या पट्ट्यावर मातकट रेघ राहते, सीटच्या रुळांना गंज चढतो. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर, जुलै २०२१ मधलं चिपळूण-महाडचं पाणी, त्यातल्या गाड्या दुरुस्त होऊन दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या जाऊ शकतात. त्यामुळे नंबरवरून नुसता जिल्हा बघून संशय घेणंही चूक आणि निर्धास्त राहणंही.

इंजिन तुम्ही येण्याआधी चालू करू नका असं फोनवर सांगा आणि गेल्यावर पहिला हात बोनेटवर ठेवा. गरम लागलं तर थंड इंजिनचा आवाज त्यांना तुम्हाला ऐकवायचा नाहीये. मेकॅनिक तुमचा न्या, हजार-दोन हजार द्या. मीटर मागे नेलेलं असेल तर काही गाड्यांमध्ये स्कॅनर लावला की कॉम्प्युटरमधले किलोमीटर वेगळे दिसतात.

दोन गाड्या समोर ठेवून हिशेब

समजा एक २०१५ ची पेट्रोल, ३२,०००, बिलं नाहीत, मागणी ३ लाख ४० हजार. दुसरी त्याच मॉडेलची २०१८ ची, ८१,०००, फाइल भरलेली, ३ लाख ९० हजार. बहुतेक घरांत पहिलीवर उडी पडते. मी दुसरी घेईन. पहिलीचे टायर, बॅटरी, होज, सगळी ऑइलं वयामुळेच बदलावी लागतील, शिवाय ते ३२,००० खरे कशावरून? दुसरीला कदाचित क्लच आणि शॉकअब्सॉर्बर लागतील, पण काय झालंय आणि काय राहिलंय हे कागदावर आहे. वर पहिलीची आरसी २०३० ला संपते, दुसरीची २०३३ ला.

पसंत पडली की मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला टाका. २०१९ च्या १ एप्रिलआधीची गाडी असेल तर एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) प्लेट बसलीय का बघा.

त्या हडपसरच्या गाडीची जाहिरात पंधरवड्याने पुन्हा दिसली. किंमत दहा हजारांनी उतरलेली, मीटर तेच ३८,०००. या वेळी एजंटने दार उघडूनही एक फोटो टाकला होता. खांबावर स्टिकर नव्हता, त्या जागी एक चौकोनी फिकट डाग होता.