लुआ आणि सी: फंक्शनला नाव काय द्यायचं आणि कॉल कसा करायचा

सीमध्ये लिहिलेलं फंक्शन लुआ ह्या छोट्या स्क्रिप्टिंग भाषेमधून कॉल करायचं असेल तर दोन गोष्टी पक्क्या डोक्यात बसायला हव्यात, एक नाव आणि दुसरा स्टॅक (एकावर एक ठेवलेल्या व्हॅल्यूंची चळत, लुआ आणि सी तिच्यातूनच देवाणघेवाण करतात). एपीआय (सीमधून लुआशी बोलायच्या फंक्शन्सचा संच) भलामोठा दिसतो पण नवीन माणूस अडकतो तो बहुतेक वेळा ह्या दोन ठिकाणीच, म्हणून इथे त्यावरच जास्त लिहितोय. लुआ १९९३ मध्ये ब्राझीलला, रिओच्या कॅथलिक विद्यापीठात बनली आणि ती दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत बसवायची हेच सुरुवातीपासून ठरलेलं होतं, त्यामुळे सीशी बोलायची पद्धत नंतर वरून चिकटवलेली नाही आणि एकदा कळली की फार साफ वाटते.

उदाहरण मराठीचंच घेऊ. लुआची स्ट्रिंग म्हणजे नुसते बाइट, त्यामुळे 'मराठी' ची लांबी विचारली की १५ येते, कारण यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमध्ये स्वतंत्र नंबर असलेलं चिन्ह, ३ बाइट खातो आणि इथे म, र, काना, ठ, वेलांटी असे ५ आहेत. आपलं फंक्शन दोन्ही आकडे देईल, आधी बाइट मग कोडपॉइंट. (५.३ पासून लुआमध्ये यूटीएफ८ लायब्ररी आहेच, पण शिकायला हे काम बरोबर मापाचं आहे.)

आधी नाव. लुआमध्ये रिक्वायर (मॉड्यूल आत घ्यायचं फंक्शन) करून 'अक्षर.मोजणी' मागितलं की लुआ पॅकेज.सीपाथ (सी मॉड्यूल शोधायच्या जागांची यादी) मधल्या जागी अक्षर फोल्डरमधली मोजणी.एसओ ही कंपाइल केलेली फाइल शोधते, आणि ती उघडून आत लुआओपन_अक्षर_मोजणी नावाचं फंक्शन शोधते. म्हणजे पुढे लुआओपन, मग अंडरस्कोर, मग मॉड्यूलचं नाव, आणि त्यातल्या प्रत्येक टिंबाच्या जागी अंडरस्कोर. नियम एवढाच. पण फाइल दुसऱ्या फोल्डरला हलवली किंवा तिचं नाव बदललं की हे फंक्शनचं नावही बदलावं लागतं, आणि ते राहिलं की 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' चा एरर येतो, तेव्हा कंपायलरला दोष न देता आधी स्पेलिंग बघा. नावात हायफन असेल तर ५.१ आणि ५.२ मध्ये पहिल्या हायफनपर्यंतचा पुढचा भाग गाळला जायचा, ५.३ पासून उलट, हायफनपासून मागचा भाग गाळतात, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मॉड्यूलच्या नावात हायफन घालूच नका. सी++ मध्ये लिहीत असाल तर एक्स्टर्न सी लावा, नाहीतर कंपायलर नाव बदलून टाकतो आणि लुआला ते सापडत नाही. विंडोजवर फंक्शन एक्सपोर्टही करावं लागतं, म्हणजे फाइलच्या बाहेरून दिसेल असं जाहीर करावं लागतं. बाकीची सगळी फंक्शन्स स्टॅटिक ठेवा, बाहेर दिसायला हवं ते हे एकच.

ह्या लुआओपनमध्ये काम थोडंच असतं: नाव आणि फंक्शन अशा जोड्यांचा ॲरे, शेवटची जोडी नल-नल, तो लुआएल_न्यूलिब ला द्यायचा (५.२ पासून) आणि १ रिटर्न करायचं. टाइप करताना लुआएल मधला शेवटचा एल कॅपिटल. नुसतं लुआ_ असेल तर तो मूळ एपीआय, लुआएल_ म्हणजे त्याच्यावर रचलेली मदतीची लायब्ररी.

आता स्टॅक. लुआमधून कॉल होणाऱ्या प्रत्येक सी फंक्शनचा साचा एकच, आत येतो फक्त लुआ_स्टेटचा (चालू लुआची सगळी स्थिती, स्टॅकसकट) पॉइंटर आणि बाहेर जातो एक इंट. आर्ग्युमेंट्स स्टॅकवर येतात, पहिलं १ नंबरला (शून्याला नाही!), दुसरं २ ला, आणि वरून मोजायचं तर -१, -२. आपण लुआएल_चेकएलस्ट्रिंग ने १ नंबरची स्ट्रिंग आणि तिची लांबी घ्यायची, लूपमध्ये ज्या बाइटचे पहिले दोन बिट १० आहेत त्या सोडून बाकीच्या मोजायच्या, मग लुआ_पुशइंटिजर दोनदा, आधी बाइट मग कोडपॉइंट, आणि शेवटी रिटर्न २.

तो २ म्हणजे उत्तर नाही, किती उत्तरं दिली त्याचा आकडा आहे. लुआ स्टॅकच्या वरच्या तेवढ्याच व्हॅल्यू उचलते, त्यामुळे चुकून १ लिहिलं तर फक्त कोडपॉइंट मिळतील आणि बाइट गायब, ३ लिहिलं तर आलेली स्ट्रिंगच पहिलं उत्तर म्हणून परत जाईल. कंपायलर ह्यातलं काहीही पकडत नाही.

कोलनने कॉल केला तर कोलनच्या डावीकडची वस्तू १ नंबरला येते आणि खरी आर्ग्युमेंट्स २ पासून, म्हणजे आपली मोजणी टिंबाऐवजी कोलनने कॉल केली तर स्ट्रिंगच्या जागी टेबल येतं आणि चेक तिथेच एरर देतो.

एरर आला की सी म्हणून कंपाइल केलेली लुआ लाँगजंप मारते, म्हणजे चालू फंक्शन मध्येच सोडून थेट बाहेर उडी घेते, तुमच्या पुढच्या ओळी चालतच नाहीत, म्हणून मॅलॉक (सीमध्ये स्वतः मेमरी मागणं) करायच्या आधी सगळे चेक उरका किंवा मेमरी युजरडेटा (लुआच्या ताब्यातला मेमरीचा तुकडा) म्हणून घ्या म्हणजे लुआचा गार्बेज कलेक्टर ती आपोआप मोकळी करेल. आणि स्ट्रिंगचा पॉइंटर ती स्टॅकवर आहे तोवरच भरवशाचा, जपून ठेवायची तर कॉपी करा.

उलट्या दिशेनं, सीमधून लुआचं फंक्शन: लुआ_गेटग्लोबल ने फंक्शन स्टॅकवर आणा, आर्ग्युमेंट्स क्रमानं पुश करा, मग लुआ_पीकॉल ला आर्ग्युमेंट्स किती आणि उत्तरं किती हवीत ते सांगा. फंक्शन आणि आर्ग्युमेंट्स स्टॅकवरून जातात, तितकीच उत्तरं येतात, कमी पडली तर निल (लुआची 'काहीच नाही' व्हॅल्यू) भरून. एरर आला तर उत्तरांऐवजी एकच एरर व्हॅल्यू असते, म्हणून पीकॉलचा रिटर्न कोड तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. वाचून झालं की, उत्तरं असोत वा एरर, लुआ_पॉप करून त्या व्हॅल्यू स्टॅकवरून काढा. सी फंक्शनला स्टॅकवर २० मोकळ्या जागांचीच हमी असते, लूपमध्ये पॉप राहिलं की त्या पटकन भरतात आणि प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी कोसळतो. शंका आली तर लूपच्या सुरुवातीला आणि शेवटी लुआ_गेटटॉप (स्टॅकवर किती व्हॅल्यू आहेत तो आकडा) छापून बघा, दोन्ही आकडे सारखे यायला हवेत.