ग्रॅव्हिटॉनच्या देवाणघेवाणीतून गुरुत्व विभव कसा काढावा

प्रथम दोन जड कणांमध्ये एका ग्रॅव्हिटॉनची (गुरुत्वाच्या पुंजकणाची) देवाणघेवाण होते असे धरून प्रकीर्णनाचा अँप्लिट्यूड (कण एकमेकांना विचलित करण्याची संभाव्यता ठरवणारी राशी) लिहावा, त्याला दोन्ही वस्तुमानांच्या गुणाकाराच्या चौपटीने भागावे आणि हस्तांतरित संवेगाच्या वर्गाने भागलेले पदच पुढे न्यावे. बाकीची बहुपदीय पदे केवळ शून्य अंतरावर परिणाम करतात. फूरिये रूपांतर करून (म्हणजे संवेगावरून अंतराच्या भाषेत येऊन) चिन्ह उलटले की न्यूटनचा विभव, म्हणजे अंतरानुसार बदलणारी गुरुत्वाची स्थितिज ऊर्जा, हाती येतो.

खरी कसोटी स्पिनची, म्हणजे कणाच्या अंगभूत कोनीय संवेगाची, आहे. स्पिन १/२ च्या कणातून स्पिनचे एकघाती पद मिळते, स्पिन १ मधून द्विघातीही. थोडक्यात, स्पिनच्या दुपटीइतक्या घातापर्यंत जाता येते. मात्र आधीच्या आणि नंतरच्या स्पिन-अवस्था वेगवेगळ्या संवेगांच्या असल्याने त्या एकाच स्थिर चौकटीत आणाव्या लागतात, आणि नवशिके नेमके येथेच घसरतात. हे एका चौकटीत आणणे टाळल्यास पहिल्या कणाच्या स्पिन-कक्षा पदाच्या (स्पिन आणि कक्षीय गती यांना जोडणाऱ्या पदाच्या) सहगुणकात, ४ पट पहिले अधिक ३ पट दुसरे वस्तुमान भागिले पहिल्याची दुप्पट, यातील ३ च्या जागी ४ येतो. ताळा म्हणून दुसरे वस्तुमान फार मोठे धरून पाहावे: १९१६ मध्ये द सिटर यांनी काढलेल्या परांचनाचा (स्पिनचा अक्ष हळूहळू फिरण्याचा) ३/२ हा गुणक मिळालाच पाहिजे.

एका वलयाच्या पातळीवर, म्हणजे दोन ग्रॅव्हिटॉनांची देवाणघेवाण धरणाऱ्या पुढच्या पायरीवर, न्यूटनच्या विभवाची पुनरावृत्ती (तोच विभव दोनदा लागू झाल्याने येणारा भाग) वजा करायला विसरू नये. त्यानंतर उरणाऱ्या, हस्तांतरित संवेगाच्या वर्गाच्या वर्गमुळाच्या पदातून अंतराच्या वर्गाने घटणारी अभिजात दुरुस्ती मिळते, तर लॉगॅरिदममधून घनाने घटणारी पुंज दुरुस्ती. कर (Kerr) कृष्णविवरासाठी, म्हणजे स्वतःभोवती फिरणाऱ्या कृष्णविवरासाठी, किमान युग्मन (गुरुत्वाशी शक्य तितकी साधी जोडणी) घ्यावे, स्पिन अनंताकडे आणि प्लांकचा स्थिरांक शून्याकडे न्यावा, पण दोहोंचा गुणाकार, म्हणजेच अभिजात स्पिन, स्थिर ठेवावा.